वायबीसीओचा अतिसंवाहक संच : चुंबक तरंगतोच, पण पैसे चार तारांचे द्या

कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी अतिसंवाहकतेचा, म्हणजे ठरावीक तापमानाखाली विद्युतरोध नाहीसा होण्याच्या गुणाचा, संच मागवायचा म्हटलं की कोटेशनसोबत एक चित्र हमखास येतं: वायबीसीओची (यट्रियम-बेरियम-तांब्याच्या ऑक्साइडची) काळी चकती, भोवती पांढरं धुकं आणि अधांतरी चुंबक. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर पॉल चू यांचं नाव, १९८७ साल आणि ९३ केल्विन (सुमारे −१८० अंश सेल्सिअस) हा अतिसंवाहक होण्याच्या तापमानाचा आकडा. ह्यूस्टन विद्यापीठातल्या या भौतिकशास्त्रज्ञाला मानवंदना म्हणून संच विकला जातो, त्यात वावगं काही नाही. मात्र २९ जानेवारी १९८७ला अमेरिकेतल्या हंट्सव्हिलमध्ये, चू यांचे माजी विद्यार्थी माव-कुएन वू यांच्या प्रयोगशाळेत, पहिल्यांदा दिसलं ते तरंगणं नव्हतं. मीटरवरचा रोध कोसळला होता. म्हणून या परीक्षणात संचाला कस तोच लावला आहे: रोध कोसळताना दिसतो का, किती स्वच्छ दिसतो, आणि दिसत नसेल तर चूक कुणाची.

पेटीत काय असतं ते आधी. २५ मिलिमीटर व्यासाची, ३ मिलिमीटर जाडीची भाजलेली साधी चकती. २८ मिलिमीटर व्यासाची, १० मिलिमीटर जाडीची एकस्फटिकी (चकतीभर एकच स्फटिक असलेली) चकती. पितळी डबीत बंद केलेली चार तारांची चकती, तिलाच चिकटवलेलं टी प्रकारचं थर्मोकपल (दोन धातूंच्या सांध्यातल्या विभवावरून तापमान सांगणारी तार). निओडिमियमचा छोटा घनाकृती चुंबक, प्लास्टिकचा चिमटा आणि पुस्तिका. विद्युतप्रवाहाचा स्रोत, मायक्रोव्होल्टपर्यंत वाचणारा मीटर, हातमोजे, चष्मा आणि अर्थातच लिक्विड नायट्रोजन यातलं काहीच पेटीत नसतं. 'संपूर्ण संच' हे शब्द वाचून कुणी फसू नये.

दोन चकत्या दिसायला सारख्या, पण कामं वेगळी. इथेच इतिहास उपयोगी पडतो. १९८६ साली बेडनॉर्त्स आणि म्युलर यांनी झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत लँथॅनम-बेरियम-तांब्याच्या ऑक्साइडमध्ये ३० केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता दाखवली. चू यांनी त्याच पदार्थावर दाब दिला, तर संक्रमणाचं, म्हणजे अतिसंवाहक होण्याचं, तापमान ४० केल्विनच्या वर सरकलं. दाबाने एवढा फरक पडतो, तर बाहेरून दाबण्याऐवजी आतच लहान आकाराचा अणू बसवून स्फटिकाची जाळी आवळली तर? लँथॅनमच्या जागी यट्रियम आला तो या विचारातून. त्या पहिल्या नमुन्यात दोन रंग मिसळलेले होते, काळा आणि हिरवा. अतिसंवाहक होता तो काळा. त्यात यट्रियम, बेरियम आणि तांबं १:२:३ या प्रमाणात असतात. हिरवा भाग निव्वळ भेसळ. गंमत अशी की आजच्या एकस्फटिकी चकतीत हाच हिरवा पदार्थ मुद्दाम घातला जातो. त्याचे बारीक कण चुंबकीय रेषांना जागच्या जागी खिळवून ठेवतात, आणि म्हणूनच ती चकती चुंबकाखाली उलटी लटकू शकते. पुस्तिकेत या हिरव्याबद्दल एक ओळही नाही. लोकांना सांगण्यासारखी याहून चांगली गोष्ट संचात दुसरी नाही, आणि तीच गाळली आहे.

तरंगण्याच्या प्रयोगात संच उत्तम गुण मिळवतो. थर्माकोलचा उथळ वाडगा घ्या, चकती त्यात ठेवा, नायट्रोजन चकतीवर न ओतता कडेने थोडा थोडा सोडा. एकदम ओतलं तर साधी चकती तडकते, विशेषतः तिच्या छिद्रांत आधीच्या वेळचं पाणी राहिलं असेल तर. सुरुवातीला चकतीभोवती वाफेचा पातळ थर असतो आणि उकळणं संथ वाटतं. मग एकाएकी जोरात खळखळ होते आणि लगेच सगळं शांत. ती खळखळ थांबली की चकती ७७ केल्विनला, म्हणजे नायट्रोजनच्या उत्कलनबिंदूला, पोचली असं धरा. त्याआधी चुंबक ठेवण्याची घाई केली की तो आडवा पडतो आणि 'संच खराब आहे' अशी तक्रार जाते. हिशोबाने जाड चकती थंड व्हायला १२ ते १५ मिलिलिटर द्रव पुरतो. वाडगा, हवा आणि धांदल धरून प्रत्येक खेपेला २०० मिलिलिटर मोजा.

उलटं लटकवायचं असेल तर चुंबक आणि जाड चकती यांच्यामध्ये आइस्क्रीमचे तीन-चार लाकडी चमचे रचून ठेवा, तशाच अवस्थेत थंड करा आणि मग चमचे ओढून काढा. अंतर तेवढंच राहतं. चकती उचलली की चुंबकही मागोमाग येतो. पेटीतला चुंबक घनाकृती असल्याने तो जागेवर गोल फिरत नाही. त्याचं क्षेत्र उभ्या अक्षाभोवती सारखं नसतं, त्यामुळे तो अडतो. बाजारातून अक्षाच्या दिशेने चुंबकित केलेला नाण्यासारखा गोल चुंबक आणा, बोटाने हलकी टिचकी मारा, बराच वेळ फिरत राहतो. चुंबक नायट्रोजनमध्ये मात्र बुडवून ठेवू नका. निओडिमियम चुंबकातल्या चुंबकनाची दिशा १३५ केल्विनच्या खाली कलते, बळ थोडं उतरतं, आणि वरचा निकेलचा मुलामा वारंवारच्या थंड-गरम होण्याने उडतो.

आता पुस्तिकेतली चूक, आणि ती किरकोळ नाही. लटकत्या चकतीच्या चित्राखाली 'माइसनर परिणाम' असं छापलेलं आहे. माइसनर आणि ओक्सेनफेल्ड यांनी १९३३ साली बर्लिनमध्ये दाखवलं ते वेगळं: पदार्थात आधीपासून असलेलं चुंबकीय क्षेत्र तो अतिसंवाहक होताना बाहेर फेकलं जातं. लटकण्यात नेमकं उलट घडतं, क्षेत्र आत अडकून बसतं. आधी चकती थंड करून नंतर चुंबक जवळ नेला आणि तो ढकलला गेला, तर तेवढ्यानेही माइसनर परिणाम सिद्ध होत नाही. रोध शून्य असलेला कोणताही कल्पित वाहक तेच करेल. खरा प्रयोग साध्या चकतीवर करायचा: अगदी लहान, हलका चुंबक तिच्यावर टेकलेला असताना थंड करायचं. तो आपसूक थोडा वर उचलला जातो. उंची मिलिमीटरभर, मागच्या बाकावरून दिसत नाही, म्हणून वरून मोबाइलचा कॅमेरा आणि प्रोजेक्टर लावा. जाड चकतीवर हा प्रयोग केला तर चुंबक जिथल्या तिथे राहतो, आणि त्याचं कारण तेच हिरवे कण. परीक्षेत हा प्रश्न विचारणाऱ्या शिक्षकाने पुस्तिका मुलांच्या हाती देण्याआधी तो मथळा खोडावा.

चार तारांच्या डबीकडे मात्र सवडीने पाहायला हवं. संचाची किंमत वसूल होते किंवा बुडते ती इथे. खोलीच्या तापमानाला या चकतीचा रोध एक-दोन मिलिओम असतो. दोन मगर-क्लिपा लावून साध्या मल्टिमीटरने मोजायला गेलात तर तारा आणि सांधे मिळूनच अर्धा ओम भरतो. त्यात चकतीचा वाटा हरवून जातो आणि नायट्रोजन ओतल्यावर आकडा ढिम्म हलत नाही. म्हणून बाहेरच्या दोन तारांतून प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन तारांवर फक्त विभवांतर वाचायचं. आतल्या तारांतून प्रवाह जवळजवळ वाहत नाही, त्यामुळे त्यांचा स्वतःचा रोध मोजणीत येत नाही.

प्रवाह १०० मिलिअँपिअर ठेवा. पुस्तिका ५०० पर्यंत जायला परवानगी देते, पण सांध्याचा रोध १ ओम धरला तर ५०० मिलिअँपिअरला तिथे पाव वॅट उष्णता तयार होते आणि चकती थर्मोकपलपेक्षा गरम राहते. १०० मिलिअँपिअरला ती १० मिलिवॅटवर येते. यासाठी महागडा स्रोत लागत नाही. एलएम ३१७ हा नेहमीचा आयसी, त्याच्या आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट पायांमध्ये १२ ओमचा अर्ध्या वॅटचा रोधक, आणि ९ व्होल्टचा पुरवठा एवढ्यात सुमारे १०४ मिलिअँपिअर स्थिर मिळतो.

मोजायचं विभवांतर खोलीच्या तापमानाला १०० ते २०० मायक्रोव्होल्ट. तापमान उतरेल तसं ते जवळपास सरळ रेषेत घटतं आणि १०० केल्विनला त्याच्या एक-तृतीयांशावर येतं. म्हणजे जो कोसळताना पाहायचा तो सगळा मामला ५० मायक्रोव्होल्टच्या आसपासचा. साडेतीन आकडी मल्टिमीटरचा शेवटचा आकडा १०० मायक्रोव्होल्टचा असतो, त्याला हे दिसणारच नाही. एकतर साडेसहा आकडी मीटर हवा, नाहीतर एडी ६२० हा अ‍ॅम्प्लिफायर ४९.९ ओमचा रोधक लावून वापरा. सुमारे ९९० पट वाढ मिळते आणि साध्या मीटरवर वाचता येतं. हे पुस्तिकेने सांगायला हवं होतं. 'योग्य मीटर वापरा' एवढ्यावर भागवलं आहे.

आणि मग येतो तो शून्याचा घोळ. सगळं नीट करूनही संक्रमणानंतर मीटर ३-४ मायक्रोव्होल्ट दाखवतो. चकतीत दोष नसतो. तांब्याची तार, सोल्डर, चांदीचा लेप असे वेगवेगळे धातू वेगवेगळ्या तापमानाला जोडले की तेवढा विभव आपोआप निर्माण होतो. उपाय सोपा आहे: प्रत्येक तापमानाला प्रवाहाची दिशा उलटवा, दोन वाचनांची वजाबाकी करून निम्मी घ्या. उष्णतेमुळे आलेला विभव दोन्हीकडे सारखा असल्याने वजा होतो, अ‍ॅम्प्लिफायरचा ऑफसेटही त्याच फटक्यात जातो. दोन मार्गांचा डबल-पोल स्विच लावला तर दहा सेकंदांचं काम. इतकं करूनही जर्नलमध्ये 'रोध शून्य झाला' असं लिहू नये. १ मायक्रोव्होल्टचा मीटर आणि १०० मिलिअँपिअर यातून एवढंच म्हणता येतं की रोध १० मायक्रोओमपेक्षा कमी आहे.

तापमानाच्या बाजूला पुस्तिकेतला तक्ता बर्फाच्या संदर्भावर, म्हणजे थर्मोकपलचं दुसरं टोक शून्य अंशांच्या बर्फात आहे असं धरून, बेतलेला आहे, आणि बहुतेक जण थर्मोकपलची दुसरी टोकं थेट मीटरला लावतात. ९३ केल्विनला टी थर्मोकपल −५.२६ मिलिव्होल्ट द्यायला हवं. खोली ३० अंश सेल्सिअस असेल आणि संदर्भ बर्फात नसेल तर मीटरवर −६.४६ येतं. हा आकडा तक्त्यात कुठेच नाही, कारण तक्ता −२७० अंशांना −६.२६ वरच संपतो. विद्यार्थी गोंधळतात, कुणी तक्त्याचं शेवटचं तापमान लिहून मोकळं होतं. थर्मासमध्ये कुटलेला बर्फ आणि पाणी घ्या, संदर्भाचा सांधा त्यात बुडवा. या पट्ट्यात एक केल्विनला जेमतेम १८ मायक्रोव्होल्ट मिळतात, हेही ध्यानात असू द्या. शक्य असेल तर थर्मोकपल विसरा आणि डबीला पीटी १०० (तापमानासोबत रोध बदलणारा प्लॅटिनमचा संवेदक) चिकटवा: ९३ केल्विनला २७.१ ओम, दर केल्विनला ०.४३ ओम, बर्फाची भानगड नाही.

सगळ्यात जास्त आलेख बिघडतात ते घाईने. डबी सरळ नायट्रोजनमध्ये सोडली की १०० ते ८५ केल्विन हा टप्पा काही सेकंदांत निघून जातो, पितळ आणि आतली चकती यांच्या तापमानात अंतर पडतं, आणि थंड होताना संक्रमण एकीकडे तर गरम होताना दुसरीकडे दिसतं. डबी कोरड्या वाळूने भरलेल्या थर्माकोलच्या पेल्यात पुरा, नायट्रोजन वाळूत मुरू द्या, द्रव उडून गेल्यावर गरम होताना वाचनं घ्या. ७७ ते १०० केल्विन या प्रवासाला पंधरा-वीस मिनिटं लागली पाहिजेत. थंड होतानाचा आणि गरम होतानाचा आलेख दोन केल्विनपेक्षा जास्त सरकलेले असतील तर पुन्हा करा.

हे सगळं जमवलं की डबीतल्या चकतीचं संक्रमण ९० केल्विनच्या वर सुरू होऊन एक-दोन केल्विनमध्ये आटोपतं. २ मार्च १९८७च्या फिजिकल रिव्ह्यू लेटर्समधल्या वू आणि चू यांच्या निबंधात तेच ८० ते ९३ केल्विन असं पसरलेलं होतं. पुस्तिकेत ठळक छापलेला ९३ म्हणजे त्या उताराचा वरचा काठ. मुलांचा आलेख पसरट आला तर नापास करण्याआधी हा आकडा आठवावा. शिवाय निबंध छापायला दिला तेव्हा हस्तलिखितात यट्रियमच्या जागी यटर्बियमचं चिन्ह पडलं होतं, ते छपाईआधी दुरुस्त झालं. चू यांनी ती टंकलेखनातली चूक असल्याचं सांगितलं. स्पर्धा इतकी अटीतटीची होती की सगळ्यांनी त्यावर विश्वास ठेवलाच असं नाही.

पुस्तिका चू यांची कारकीर्द त्या एका वर्षावर संपवते, ही मोठीच उणीव. दाब हा त्यांचा आयुष्यभराचा धागा. १९९४ साली त्यांच्या गटाने पाऱ्याच्या ऑक्साइडवर प्रचंड दाब देऊन संक्रमण १६४ केल्विनपर्यंत नेलं. दाब काढल्यावरही तो गुण टिकवता येतो का, यावर लोह-सेलेनाइडचं काम २०२१ मध्ये आलं. संचातून दाबाचा प्रयोग होणं शक्य नाही, पण दोन पानं लिहिता आली असती. मुंबईतल्या कॉलेजांनी जोडीला कुलाब्याच्या टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) नाव घ्यावं: १९९४ मधली यट्रियम-निकेल-बोरॉन-कार्बनची १२ केल्विनजवळची अतिसंवाहकता, आणि नंतर बिस्मथच्या शुद्ध स्फटिकात ०.५३ मिलिकेल्विनला सापडलेली. ही तापमानं नायट्रोजनच्या आवाक्याबाहेरची आहेत, हे मुलांना आपण होऊन उमगतं.

नायट्रोजनचं पाहा. तालुक्याच्या गावातही तो अपरिचित नाही. जनावरांच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या अरुंद गळ्याच्या ज्या कंटेनरमध्ये ठेवतात, त्यात तोच असतो. पण दवाखान्याच्या साठ्यातून मागू नका, कांड्या उघड्या पडल्या तर नुकसान मोठं. गॅस पुरवठादाराकडून १० लिटरचा कंटेनर भरून घ्या, अर्ध्या दिवसाच्या प्रात्यक्षिकाला ५ लिटर पुरतात. थर्मासचं झाकण घट्ट लावू नका, नुसतं टेकवा. एक लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. चार बाय पाच मीटरच्या, तीन मीटर उंचीच्या बंद खोलीत ५ लिटर सांडले तर ऑक्सिजन २०.९ वरून १९.७ टक्क्यांवर येतो, आणि १९.५ ही धोक्याची रेषा. खिडक्या उघड्या, पंखा चालू. लिफ्टमधून न्यायचा तर कंटेनर एकटा पाठवा, माणसं जिन्याने. सुती हातमोजे वापरू नयेत. द्रव त्यात मुरतो आणि कातडीला चिकटून राहतो. सैल चामडी मोजे, चटकन झटकून काढता येणारे.

आपल्याकडच्या हवेत चकती किती टिकते हा प्रश्न परदेशी पुस्तिकेला पडत नाही. वायबीसीओची पाण्याशी आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी प्रक्रिया होते, पृष्ठभागावर पांढुरकी बेरियम कार्बोनेटची पूड येते आणि चकती हळूहळू मरते. मुंबई, रत्नागिरी, पणजी इथे प्रयोगानंतर चकतीवर जमलेला बर्फ पाच मिनिटांत पाणी होतो. चकती लगेच टिश्यूवर घ्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, हेअर ड्रायरच्या सौम्य झोताने कोरडी करा, निळ्या सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा. जेल गुलाबी झालं की बदला. बर्नरवर वाळवण्याचा शहाणपणा करू नका. ४०० अंशांच्या वर गेल्यास तिच्यातला ऑक्सिजन निघू लागतो. सूत्रातल्या सात ऑक्सिजनपैकी ०.४ कमी झाला की संक्रमण ६० केल्विनवर घसरतं. मग नायट्रोजनमध्ये कितीही बुडवा, काही होत नाही. चार तारांचे सांधेही थंड-गरम होऊन सुटतात. प्रत्येक सत्राआधी खोलीच्या तापमानाला दोन-दोन तारांमधला रोध बघा: काही ओम ठीक, किलोओम दिसला तर तो सांधा गेला.

ज्यांच्याकडे ९५० अंशांची भट्टी आणि ऑक्सिजनची सोय आहे, त्यांनी साधी चकती विकत घेऊच नये. यट्रियम ऑक्साइड ३.०३ ग्रॅम, बेरियम कार्बोनेट १०.५८ ग्रॅम, कॉपर ऑक्साइड ६.४० ग्रॅम खलात घोटून ९०० अंशांवर बारा तास भाजा, पुन्हा घोटून पुन्हा भाजा, चकती दाबून ९४० अंशांवर पक्की करा आणि ऑक्सिजनमध्ये ४५० अंशांवर थांबत सावकाश निववा. सुमारे १८ ग्रॅम माल निघतो, दोन चकत्या सहज होतात. बेरियम कार्बोनेट विषारी आहे, मास्क लावा, हात धुवा. हिरवट छटा राहिली तर भाजणं अपुरं झालं किंवा वजनात चूक झाली. एकस्फटिकी जाड चकती मात्र घरची जमत नाही, ती विकतच घ्यावी.

एकंदरीत: तरंगण्यासाठी पाचपैकी साडेचार, रोधाच्या डबीला साडेतीन, पुस्तिकेला दीड. फक्त विज्ञान दिनाच्या प्रदर्शनासाठी घेणाऱ्यांनी एकटी जाड चकती आणि गोल चुंबक मागवावा, बाकीचा खर्च वाचतो. एमएस्सीच्या प्रयोगशाळेने उलट करावं. डबी घ्यावी, शक्यतो दोन, कारण सांधे जातातच. मागणीपत्रात चकती भाजलेली की एकस्फटिकी, व्यास, जाडी, विभवाच्या सांध्यांमधलं अंतर, थर्मोकपलचा प्रकार आणि त्याच डबीचा मोजलेला रोध-तापमान आलेख या गोष्टी लिहून मागा. आलेख द्यायला जो पुरवठादार टाळाटाळ करतो, त्याच्याकडून डबी घेऊ नका.